गोल्फच्या मैदानावर एक रविवार

क्रिकेटचा सामना पाहावयास गेलेला मनुष्य आपल्या जागेवर बसतो आणि खेळ त्याच्यासमोर चालतो. नाटकाचेही तेच. गोल्फमध्ये मात्र हा क्रम उलटा आहे. येथे खेळच चालू लागतो, आणि प्रेक्षकाने ठरवावयाचे असते की त्याच्या मागोमाग जावयाचे, की एखाद्या झाडाखाली बसून तो आपल्यापाशी येण्याची वाट पाहावयाची. पंढरीच्या वाटेवर काही लोक दिंडीबरोबर चालतात आणि काही मुक्कामाच्या गावी तिची वाट पाहत थांबतात, तसाच काहीसा हा प्रकार. एकाच वेळी मैदानभर पाच-पंचवीस ठिकाणी खेळ चालू असतो आणि त्यातला बहुतेक भाग आपणांस दिसत नाही. दूर कोठेतरी टाळ्या होतात. आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

आम्ही वाट पाहणाऱ्यांत होतो. त्याचे कारण माझ्या आईचे गुडघे. २०२५ च्या दिवाळीसाठी ती साताऱ्याहून दिल्लीस माझ्याकडे आली होती, आणि त्याच आठवड्यात एका परिचितांनी मला दिल्ली गोल्फ क्लबमधील स्पर्धेच्या दोन प्रवेशिका दिल्या. धनत्रयोदशी शनिवारी झाली होती. रविवारी, १९ ऑक्टोबरला, स्पर्धेचा अखेरचा दिवस होता.

ज्यांनी दिल्ली पाहिली आहे त्यांना ही जागा बाहेरून ठाऊक असेल. डॉ. झाकिर हुसेन मार्गाने निजामुद्दीनकडे जाताना हिची भिंत लागते आणि भिंतीवरून झाडांचे शेंडे दिसतात. राजधानीच्या ऐन मध्यभागी एवढे मोठे रान असावे यावर आत गेल्यावाचून विश्वास बसत नाही. दाट कीकरीची जाळी, मधून गवताच्या अरुंद हिरव्या वाटा, मोर, आणि झाडांमध्ये उभ्या असलेल्या जुन्या कबरी व घुमट. क्लबच्या आवारातील लाल बंगला नावाची लाल दगडाची इमारत ही मुळात मोगलकालीन समाधी आहे. चेंडू मारून पुढे जाणारे खेळाडू तिच्याकडे पाहतही नाहीत. सवय ही अशीच गोष्ट आहे.

येथील अठरा होलांच्या मुख्य मैदानास लोधी कोर्स म्हणतात. १९७६-७७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांनी त्याची नव्याने आखणी केली, आणि २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअर यांच्या संस्थेने ती पुन्हा बदलली. अरुंदपणा मात्र राहिला. या वेळी आयर्लंडकडील रोरी मॅकिलरॉय हे जगप्रसिद्ध खेळाडू प्रथमच भारतात खेळावयास आले होते. चेंडू सर्वांत दूर पाठविणाऱ्या काठीस ड्रायव्हर म्हणतात, आणि ती काठी म्हणजे त्यांचे मोठे अस्त्र. परंतु मैदान पाहिल्यावर त्यांनी सांगून टाकले की, येथे ड्रायव्हर वापरण्याचा आपला विचार नाही. वाट सोडून चेंडू झुडपात गेला तर तो मिळाला तरी मारता येत नाही. येथे बळापेक्षा नेमकेपणाला मान आहे हे ऐकून मला हे मैदान एकदम आवडले.

खेळाचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक होल किती फटक्यांत पुरा व्हावा याचा एक आकडा ठरलेला असतो, त्यास पार म्हणतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, एक अधिक लागला तर बोगी. लोधी मैदानाचा एकूण पार ७२, आणि अशा चार फेऱ्या चार दिवसांत खेळावयाच्या. ज्याचे फटके सर्वांत कमी तो विजयी. म्हणजे येथे जो कमी करतो त्याचा जय होतो. आईने हे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि पंच कुठाय गं?"

प्रश्न मार्मिक होता. नियमांचा अर्थ सांगणारे अधिकारी मैदानात असतात, पण प्रत्येक खेळाडूमागे पंच हिंडत नाही. फटके मोजणे, चूक झाल्यास स्वतःस दंड करणे आणि अखेर आकड्यांच्या कागदावर सही करणे, हे खेळाडूनेच करावयाचे. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स यांचा चेंडू उंच गवतात किंचित हलला. तो इतर कोणी पाहिला नव्हता, तरी त्यांनी स्वतःवर एक फटका लावून घेतला. पुढे ते बरोबरीत आले आणि निर्णायक फेरीत हरले. मी हे सांगितले तेव्हा आई एवढेच म्हणाली, "मग बायकांनाच आधी शिकवायला हवा होता हा खेळ."

आम्ही एका लहान होलच्या ग्रीनपाशी सावली पाहून बसलो. ग्रीन म्हणजे जेथे छिद्र असते तो अगदी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा. छिद्राची रुंदी सव्वाचार इंच. खेळाडू येत, चेंडूपाशी उभे राहत, आणि स्वयंसेवकांनी हात वर केले की शेकडो माणसे एकदम गप्प होत. दिल्लीत, दिवाळीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी अशी शांतता! भिंतीपलीकडच्या मोटारींचे कर्णे तेवढे ऐकू येत होते.

आमच्या शेजारी गवतावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. अंगावर इस्त्रीचा सदरा, पायांत मात्र जुने कॅनव्हासचे बूट. त्यांनी प्रथम आईला, "माताजी, इकडे सरका, ऊन येईल," असे सांगून जागा करून दिली. थोड्या वेळाने ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "डावीकडे उतार दिसतो ना? चेंडू उजवीकडे जाईल." खेळाडूने डाव्या उताराचा हिशेब धरून चेंडू ढकलला, आणि तो खरोखरच उजवीकडून छिद्राला वळसा घालून गेला. दुसऱ्याचेही तसेच झाले. तिसऱ्या खेळाडूबरोबरचा मनुष्य मात्र खाली बसला, जमिनीशी डोळे नेऊन बराच वेळ पाहत राहिला, मग दोन शब्द बोलला. त्या खेळाडूने जवळजवळ सरळ चेंडू मारला आणि तो आत पडला. वृद्ध गृहस्थांनी मांडीवर थाप मारली. "पढ़ लिया!" ते म्हणाले.

वाचले! गवत वाचले! मी वर्षानुवर्षे एका भाषेतले वाचून दुसरीत लिहिण्याचे काम करते. हा शब्दप्रयोग गोल्फमध्ये जगभर रूढ आहे हे मला वाचून ठाऊक होते, पण त्या दिवशी तो कानाला निराळा लागला. गवताची पाती कोणीकडे झुकली आहेत, पाणी कोणीकडे ओघळते, सकाळचे दव वाळून दुपारी जमीन किती कठीण होते, हे सारे पाहून चेंडूची वाट सांगणे म्हणजे वाचणे. त्या गृहस्थांनी उमेदीच्या काळात याच मैदानावर कॅडी म्हणून पिशव्या वाहिल्या होत्या. "बेटी," ते मला म्हणाले, "पिशवी खांद्यावर असते, ती लोकांना दिसते. डोळ्यांचे काम कोणाला दिसत नाही."

आईला हे कॅडी प्रकरण नवे होते. "म्हणजे हमालच ना?" तिने मला हळूच मराठीत विचारले. तिचे काय चुकले? चौदापर्यंत काठ्या भरलेली जड पिशवी उचलावयाची, चेंडू पुसावयाचा, वाळूच्या खड्ड्यातली पावले दाताळ्याने पुसून टाकावयाची, निशाण धरावयाचे. परंतु खेळाच्या नियमांत एक विलक्षण गोष्ट आहे. एकट्याने खेळणाऱ्या खेळाडूने फटक्याबद्दल सल्ला घ्यावयाचा तो फक्त आपल्या कॅडीचा. दुसऱ्या कोणासही विचारले तर दंड. कॅडीने नियम मोडला तरी दंड खेळाडूलाच. साऱ्या मैदानावर त्या खेळाडूचा अधिकृत असा एकच सोबती असतो, आणि तो हा पिशवीवाला.

या शब्दास मराठी काय म्हणावे यावर मी अनेकदा विचार केला आहे. 'भारवाहक' म्हटले तर बैलगाडी आठवते. 'मदतनीस' फार मोघम. 'सारथी' हा शब्द मला मोहवितो, कारण रथ हाकता हाकता सांगणारा, सावरणारा असा तो आहे. पण सारथ्यांत शल्यही होता, आणि त्याने कर्णाचे काय केले ते आपण जाणताच. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ घरातील धाकटा मुलगा. स्कॉटलंडमध्ये जाऊन तो निरोप्या व ओझेवाला झाला आणि तेथून खेळात शिरला. मी शेवटी 'कॅडी'च लिहिते. ज्या शब्दामागे इतकी पायपीट आहे त्याच्यावर आपण नवे कपडे चढवू नयेत असे मला वाटते.

धाकट्या मुलाने घराचा मालक व्हावे अशा हकीकती या खेळात पुष्कळ आहेत, आणि आपल्या देशातल्या तर ऐकण्यासारख्या आहेत. इंडियन ओपन ही आपली जुनी स्पर्धा १९६४ मध्ये याच दिल्ली गोल्फ क्लबवर सुरू झाली आणि पहिले विजेते होते तेच पीटर थॉमसन. दुसऱ्याच वर्षी कलकत्त्यास पी. जी. सेठी या हौशी भारतीय खेळाडूने ती जिंकली. त्यानंतर मात्र भारतीय विजेत्यासाठी पंचवीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. १९९१ मध्ये ती जिंकली अली शेर यांनी, आणि अली शेर म्हणजे दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला मुलगा. १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. पुढचे नाव एस. एस. पी. चौरसिया यांचे. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना. चौरसियांचे वडील तेथे मैदानाच्या गवताची निगा राखीत. त्या गवतावर वाढलेला हा मुलगा इंडियन ओपनमध्ये चार वेळा दुसरा आला. २०१५ मध्ये तर याच मैदानावर अनिर्बन लाहिरी यांनी अखेरच्या दिवशी सात फटक्यांची पिछाडी भरून काढून त्यांना बरोबरीत गाठले व जादा होलवर हरविले. २०१६ मध्ये चौरसियांनी येथेच ती जिंकली, आणि २०१७ मध्ये गुरुग्रामला पुन्हा.

अली शेर यांचे नाव मी काढताच आमच्या शेजाऱ्यांचा चेहरा बदलला. "तेव्हा मी इथेच होतो," ते म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. आईने पिशवीतला चकलीचा डबा काढून त्यांच्यापुढे धरला.

परदेशातही ही रेघ दिसते. अमेरिकेतील ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत १९८२ पर्यंत बाहेरून आलेल्या खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत. ते सारे कृष्णवर्णीय असत आणि तेथील ग्रीन त्यांच्याइतके कोणी वाचू शकत नसे. पुढच्या वर्षीपासून खेळाडूंना आपापले कॅडी आणण्याची मुभा मिळाली आणि त्या जुन्या माणसांचे काम गेले. त्याच ऑगस्टावर २०२१ मध्ये जपानचे हिदेकी मात्सुयामा जिंकले, तेव्हा त्यांचे कॅडी शोता हायाफुजी यांनी अखेरच्या छिद्रात निशाणाची काठी परत ठेवली, टोपी काढली आणि रिकाम्या मैदानाला वाकून नमस्कार केला. गंमत पाहा, जगभरच्या लोकांना त्या दिवसाचे तेच चित्र अधिक लक्षात राहिले आहे.

दुपार उतरू लागली तसे आम्ही तिघेही अठराव्या होलकडे निघालो. आईला मधोमध घेऊन, थांबत थांबत. तेथे माणसांची भिंतच होती. पुढे होते इंग्लंडचे टॉमी फ्लीटवुड. अमेरिकेतील मुख्य मालिकेत दीडशेहून अधिक स्पर्धा खेळूनही ज्यांना एकही विजय लाभला नव्हता, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्येच अटलांटा येथे ज्यांनी ते कोडे सोडविले, ते हेच. त्यांच्यामागे होते जपानचे केइता नाकाजिमा, २०२४ च्या इंडियन ओपनचे विजेते. फ्लीटवुड यांनी पारपेक्षा बावीस फटके कमी, म्हणजे चार दिवसांत २६६ फटके घेऊन दोन फटक्यांनी बाजी मारली. चेंडू पडला आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा ग्रीनवर धावत आला. वडील जिंकले आणि आपण अठराव्या ग्रीनवर धावत गेलो असे कधी झालेच नाही, असे त्याने त्याच आठवड्यात वडिलांना म्हटले होते, आणि दिवसभर तेच आपल्या मनात होते, हे फ्लीटवुड यांनी नंतर सांगितले. आम्हांला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. एक लहान मुलगा गवतावरून धावत येत आहे एवढेच दिसले, आणि आईने पदर डोळ्यांना लावला.

सारे लोक त्या बापलेकांकडे पाहत होते. आमचे वृद्ध सोबती मात्र टाचा उंचावून दुसरीकडेच पाहत होते. विजेत्याच्या कॅडीने अठराव्या होलचे निशाण काढून आठवण म्हणून घरी न्यावयाचे, असा या खेळात रिवाज आहे. "निशाण घेतलं का त्यानं?" त्यांनी मला विचारले. माझ्यापुढे दोन उंच तरुण उभे होते. मी आईचा हात सोडून थोडी पुढे झाले, पण तोवर ग्रीनभोवती छायाचित्रकारांचे कडे पडले होते आणि काठीचे टोकही दिसेना.

"घेतलंच असेल," आई त्यांना मराठीतच म्हणाली. त्यांनी मान डोलावली. त्यांना ते समजले असावे.