सात दिवस, सात रात्री

मी वारूळवाडीत पाळक आहे. लोक 'पास्टर' म्हणतात. उपासना, बाप्तिस्मे, लग्नं ही माझी कामं सगळ्यांना दिसतात. सगळ्यात अवघड काम मात्र घराच्या आत असतं. नुकतंच कुणी गेलेल्या घरात उंबरा ओलांडून जायचं आणि बसायचं. त्याबद्दल लिहितो.

आधी माझी चूक सांगतो. आमच्या मंडळीतल्या एका मावशीचा तरुण मुलगा पुणे-नाशिक रस्त्यावर अपघातात गेला. नवरा आधीच गेलेला. मी बायबल उघडून म्हणालो, "मावशी, देवाच्या मनात असेल तेच होतं." तिनं मान वर केली. "मग विचारा की त्याला, माझंच पोर का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तरी मी ते असल्यासारखा बोललो होतो.

घरी आल्यावर ईयोबाचं पुस्तक काढलं. लेकरं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही. पुढे ते समजावू लागले आणि सगळं बिघडलं. हे मी शिकताना परीक्षेत लिहिलं होतं, पण मावशीच्या ओसरीवर आठवलं नाही. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं रडण्याची आणि तक्रारीची आहेत. 88वं तर अंधाराशीच येऊन थांबतं, पुढे धीराची एक ओळसुद्धा नाही. तरी कुणी ते गाळलं नाही. माणूस देवाशी भांडतो ते कुणी ऐकणारा आहे असा विश्वास असतो म्हणूनच, असं मला वाटतं.

अशा दुःखाचा विचार करताना मला पंडिता रमाबाई आठवतात. आमच्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचं आयुष्य सालवार मांडलं की अंगावर काटा येतो. दुष्काळाच्या वर्षांत आई, वडील, बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. दोन वर्षंही झाली नाहीत तोच पती बिपिनबिहारी कॉलऱ्यानं गेले. पदरात मनोरमा, अजून वर्षाचीही नाही. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तरी सगळं सुरळीत झालं का? 1889 मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी सुरू केलेलं शारदा सदन पुढे पुण्यात आलं, आणि 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं. पालकांनी मुली काढून नेल्या. मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. बाईंनी जे उभं केलं, ते त्यांच्या डोळ्यांदेखत रिकामं होत गेलं.

आणि 1896-97 च्या दुष्काळात ह्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, त्यांना केडगावला आसरा दिला. उपासमारीचे रस्ते स्वतः तुडवलेल्या बाईला त्या मुलींचे चेहरे नवे नव्हते. 1921 मध्ये मनोरमाही गेली, जिच्या हाती पुढचं सगळं सोपवायचं होतं ती. बाईंच्या कानांनी साथ सोडलेली. तरी हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत बायबल आणण्याचं काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. सगळा ग्रंथ 1924 मध्ये छापून निघाला.

बाईंनी दुःखावर मात केली, असं मी कधीच सांगत नाही. एकेक माणूस गेलं ते गेलंच. सकाळी उठल्यावर हाताला काम होतं, आणि ते ज्या देवासाठी करायचं तो आपल्याला सोडून गेलेला नाही याची त्यांना खात्री होती. त्या कामातही रडण्याला मोकळीक असते, हे मला पाळक म्हणून फार उशिरा कळलं.

मावशीकडे मी रोज जाऊ लागलो. काही न बोलता ओसरीवर बसायचो. रानात टोमॅटोचा तोडा आला होता. शेजारच्या बायांनी न सांगता तो करून दिला. त्यात आमच्या मंडळीतली एकही नव्हती. नवव्या दिवशी मावशी स्वतः प्रतवारीला बसली. एकेक टोमॅटो पदरानं पुसायची, फिरवून बघायची, क्रेटमध्ये ठेवायची. नारायणगावच्या बाजारात भाव पडलेला होता, हे तिला माहीत होतं.

शेवटचं क्रेट भरून झालं. हात झटकत ती म्हणाली, "पास्टर, ते अंधाराचं स्तोत्र आहे ना, ते वाचा."

मी वाचलं. ती म्हणाली, "परत वाचा."