सैल गाठ

"अंग सैल सोडा! अजून सैल!" मैदानाच्या कडेला उभे राहून आमचे जिमखान्याचे सर सांगत होते आणि मला मनातल्या मनात रडू येत होते. सैल सोडायचे म्हणजे नेमके करायचे तरी काय? जन्मापासून मी ऐकले ते उलटेच! पदर खोच, कंबर कस, दातओठ खाऊन उचल! आमच्या माणदेशातल्या घरात 'सैल' हा शब्द शिवीसारखाच वापरतात.

त्या मैदानावर मी काही हौसेने गेले नव्हते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी पहिल्या सत्रात इंग्रजीच्या तासाला बाईंनी उभे केले, की माझे दात एकमेकांवर घट्ट बसत, श्वास गळ्याशी अडके आणि पाठ केलेले उत्तरही ओठांवर येत नसे. मुली हसत. एकदा तर रडतच वर्गाबाहेर पडले. वळकटी बांधून गावी परत जायचे, हे मनाशी पक्के झाले होते. तेव्हा बाईंनीच मला सरांकडे पाठवले. सर रोज सकाळी साडेसहाला दहाबारा मुलामुलींना ताई ची शिकवीत.

ताई ची ही मूळची चीनमधली युद्धकला. हेनान प्रांतात चेन घराण्याच्या खेड्यात ती वाढली. लढू पाहणाऱ्याने आधी सैल व्हायला शिकायचे, हे ऐकून मी चकितच झाले! १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांसाठी तिचा २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला. पाचसहा मिनिटांत तो पुरा होतो. २०२० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात तिला स्थान दिले.

अंग सैल सोडण्याला चिनी भाषेत जो शब्द आहे, तो कानाला आपल्या 'सोंग'सारखा लागतो. आम्ही पोट धरून हसलो. पण पहिले दोन महिने मी खरोखर सोंगच करीत होते! सरांनी एकदा खांद्यावर बोट ठेवून विचारले, "हे काय? कानाला भेटायला निघालेत की!" मला वाटत होते, खांदे खालीच आहेत. आवळून राहण्याची इतकी सवय झाली होती, की आवळले आहे हेच कळत नव्हते.

मग सर म्हणाले, "अंगाचे राहू दे. तू फक्त श्वास सोड." नाकाने श्वास घ्यायचा, पोट फुगू द्यायचे आणि सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. त्याच्याबरोबर आधी जबडा सोडायचा, मग खांदे, कोपरे, कंबर. गुडघे किंचित वाकलेले. अंगाचा भार या पायावरून त्या पायावर न्यायचा, एका हंड्यातले पाणी दुसऱ्यात ओतावे तसा. एक पाय भरलेला, दुसरा रिता. आणि डोके? वरून दोऱ्याने टांगल्यासारखे सरळ!

हे ऐकले आणि मला आय आठवली. डोक्यावर दोन हंडे घेऊन ती चढण चढते. मान सरळ, गुडघे मऊ, थेंब सांडत नाही. सैल म्हणजे ढिले नव्हे, हे मला तेव्हा उमगले.

दिवाळीत घरी गेल्यावर उत्साहाने सगळे आयला सांगितले. खुरपे बाजूला न ठेवताच ती म्हणाली, "आमी सैल सोडलं तर कसं व्हायचं गं? सैल गाठीचा भारा वाटंतच इस्कटतो." मी गप्प झाले. माझ्या खाणावळीचे पैसे तिच्या आवळलेल्या खांद्यांतूनच येतात. मी तिला काय शिकवणार?

संध्याकाळी तिने वैरणीचा भारा अंगणात टाकला, गाठ सोडली आणि दोरी खुंटीला अडकवली. मी पटकन म्हणाले, "आय, भारा उतरल्यावर तूबी दोरी सोडतीसच की!" ती हसली. भाकऱ्या झाल्यावर माझ्या हट्टाखातर वाकळेवर उताणी पडली. खांदा लाकडासारखा लागला. चार श्वास झाले नाहीत तोच "शेरडं बांधली का गं?" म्हणत उठून बसली! "बांधली," म्हणून मी तिला पुन्हा निजवले. बऱ्याच वेळाने माझ्या तळव्याखाली तिचा खांदा गव्हाभर खाली आला.

दिवाळीनंतर इंग्रजीच्या तासाला मी उभी राहिले. पाय कापत होतेच. आधी श्वास सोडला, मग उत्तर दिले. दोन चुका झाल्या, मुली हसल्या. या वेळी मीही हसले आणि उत्तर पुरे करूनच खाली बसले.

आता मी द्वितीय वर्षात आहे. वळकटी अजून बांधलेली नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री आयचा फोन येतो. अभ्यासाचे तिला फारसे विचारता येत नाही. ती एवढेच विचारते, "दोरी सोडली का गं?"

(द्वितीय वर्ष, कला)