पेन्सिल न घेता वाचलेला महिना

प्रिय कादंबरी,

तीस वर्षं मी तुला महाविद्यालयात शिकवलं. कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली असे तुझे तुकडे फळ्यावर मांडले. मुलांनी ते उतरवून घेतले आणि परीक्षेत मला परत केले. तुला वाचताना हातात पेन्सिल नाही, असं कधी झालं नाही. जूनअखेर निवृत्त झाले आणि जुलैचा अख्खा महिना तुझ्यासाठी ठेवला. वाचनालयातून एका वेळी दोन पुस्तकं आणायची, टिपणं काढायची नाहीत, एवढंच ठरवलं.

पहिली ‘बनगरवाडी’. दुपारी जेवण आटोपून उघडली, दिवेलागणीला संपली. धनगरांच्या वाडीवर आलेला तो पोरगेला मास्तर, तालीम उभारायला राबणारी माणसं आणि मग दुष्काळात ओस पडत जाणारी घरं. शेवटचं पान मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

‘धग’पाशी मात्र आठ दिवस रेंगाळले. उद्धव शेळक्यांची ही १९६० सालची कादंबरी मी किती वर्षं शिकवली! तिच्यातल्या वऱ्हाडी बोलीवर प्रश्न हमखास यायचा, म्हणून मी उदाहरणं निवडून द्यायचे. या वेळी ते संवाद मोठ्यानं वाचले. माझी आजी अमरावतीकडची. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली, पण तिचा हेल माझ्याच तोंडून बाहेर पडला आणि मी दचकले. नवरा कामाला हात लावत नाही, संसार कादंबरीची नायिका कौतिक हिच्या एकटीच्या अंगावर, आणि मुलं शिकलीच पाहिजेत हा तिचा ध्यास. वाचता वाचता मी तिला म्हणत होते, बाई, आज तरी घटकाभर बस. वर्गात मी तिला ‘सोशिक स्त्री’ म्हणायचे. ते चूक होतं. कौतिक सोशिक नाही, हट्टी आहे. परिस्थितीपुढे मान तुकवायची नाही हा तिचा हट्ट. इतकी वर्षं हे माझ्या नजरेतून निसटलं, कारण मी तिच्यात उत्तराचे मुद्दे शोधत होते.

मधे एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी साठाव्या पानावर सोडली आणि परत केली. सोडायची मोकळीक हीसुद्धा आनंदाचीच गोष्ट आहे.

मग ‘रणांगण’. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी आली १९३९ साली, महायुद्ध पेटलं त्याच वर्षी. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर देश गमावलेले ज्यू, आणि त्यांच्यातली हॅर्टा. कादंबरीचा नायक चक्रधर मुंबईला उतरतो. तिला उतरता येत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

याला आनंद म्हणायचं का, असं कुणी विचारील. मी म्हणेन, हो. आनंदासाठी वाचणं म्हणजे हलकंफुलकं वाचणं, हा समज आम्ही शिक्षकांनीच पसरवला. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढलं, त्याचं नाव ‘करमणूक’. विधवेच्या वाट्याला काय येतं हे यमूच्या तोंडून सांगणारी ‘पण लक्षात कोण घेतो’ त्याच साप्ताहिकातून क्रमशः आली. ज्यांच्या हाती ते अंक पडत, त्यांना यमूवर कुणी प्रश्न विचारणार नव्हतं. पुढच्या अंकाची वाट बघत ते वाचत होते, आणि म्हणूनच ती त्यांच्या घरात शिरली.

हे पत्र अनावृत आहे, तेव्हा माझ्या जागी आता वर्गावर उभ्या असलेल्यांनाही एक विनंती करते. वर्षातून एक कादंबरी मुलांच्या हाती अशी द्या, जिच्यावर परीक्षेत एकही प्रश्न येणार नाही. आणि ते त्यांना आधीच सांगा.

तुझी,
एक निवृत्त प्राध्यापिका