ईशा, रायफल खाली घेता येते

प्रिय ईशा,

काल ताईचा फोन आला. राज्य स्पर्धेचं नाव काढलं की तुझ्या पोटात गोळा येतो, सकाळी उलटी होते, आणि आता तर तू म्हणतेस, "माझं काळीजच लहान आहे, रायफल माझं काम नाही." हे शेवटचं वाक्य मला मुळीच मान्य नाही, म्हणून लिहितेय.

तुझ्या खेळात भीती लपत नाही. कबड्डीत छाती धडधडली तरी चढाईच्या धावपळीत खपून जाते. एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे हृदयाचा ठोकासुद्धा नळीच्या टोकावर उमटतो. मग वाटतं, आपणच तेवढ्या घाबरट. अगं, शेजारच्या लेनवरच्या मुलीची नळीही हलतच असते. तिच्या साइटमधून तुला बघता येत नाही, इतकंच.

आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे बघ. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत आघाडीवर असताना त्याचा एक शॉट ७.६ वर गेला आणि तो चौथा आला. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. सकाळपासून पोटात काही नाही, फक्त काळा चहा. छाती जोरात धडधडत होती, हे त्यानेच नंतर सांगितलं. त्याच्या प्रकारात आधी गुडघ्यावर बसून शॉट मारायचे असतात, त्यानंतर तो सहावा होता. पण गुणफलकाकडे न बघता तो श्वास सांभाळत राहिला आणि ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेऊन आला. त्या धडधडत्या छातीनेच.

घाबरलं की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. तोंड कोरडं पडतं, तळवे घामेजतात, ठोके वाढतात. 'शांत हो' म्हटल्याने त्यातलं काहीही थांबत नाही, म्हणून मी ते म्हणणार नाही. श्वास मात्र आपल्या ताब्यात असतो. घेतला त्यापेक्षा सावकाश, लांब सोडला की ठोके उतरू लागतात. घरी गोळीशिवाय ड्राय सराव करताना रोज हे कर. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा करायला गेलीस तर जमणार नाही.

आणि होल्ड लांबला, ठिपका जागेवर येईना, तर ट्रिगर ओढू नकोस. रायफल खाली घे, स्टँडवर टेकव, डोळे जरा लांब कुठेतरी ने, मग पुन्हा गाल लाव. मागे बसलेले काय म्हणतील, ही लाज वाटते ना? साठ शॉटला पंच्याहत्तर मिनिटं मिळतात, ती तुझी आहेत. 'एकदाचा सुटू दे हा शॉट' असं मनात आलं की ओळखायचं, ही भीती बोलतेय.

सरांना सांग, सरावातही थोडं दडपण आणा. मैत्रिणीशी एकेका शॉटची लढत लावा, मागे मुद्दाम आवाज करा. नेमबाज अभिनव बिंद्रा २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकआधी जर्मनीत एका उंच खांबावर चढला होता. मध्येच त्याची हिंमत सुटली, तरी तो वर गेला. भीती वाटत असतानाही पुढचं पाऊल टाकायची सवय त्याला करायची होती.

ताईला आणि भाऊजींना मी वेगळं बोलणार आहे. मॅच संपल्यावर रेंजच्या दारातच "किती झाले?" विचारायचं नाही. पोरीला आधी पाणी पिऊ दे, जॅकेट काढू दे. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

उलटी, झोप न लागणं, जेवण न जाणं हे स्पर्धा संपल्यावरही चालूच राहिलं तर मात्र लपवू नकोस. खेळाडूंच्या मनाचा अभ्यास केलेले तज्ज्ञ असतात, मोठमोठे नेमबाज त्यांच्याकडे जातात. आपणही जाऊ, मी सोबत येईन.

शनिवारी दुधाळीच्या रेंजवर तुझ्या सरावाला येतेय. मी मागे बसायचं की बाहेर थांबायचं, हे तू ठरव आणि मला आधी कळव.

तुझी,
मावशी