मांडीवरचे मूल आणि मनातला संकोच

आमच्या बीड जिल्ह्यात आजी-आजोबांनी नातवंडे सांभाळणे नवे नाही. दसरा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. गावात मागे म्हातारी माणसे आणि लेकरे उरतात. गळिताचा हंगाम संपेपर्यंतच्या त्या पाच-सहा महिन्यांत तलवाड्यातील माझ्या दवाखान्यात बाळाच्या जुलाबाची तक्रार घेऊन बहुधा आईऐवजी आजीच येते. अलीकडे या आज्यांमध्ये आणखी एका आजीची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे, दोघांनाही नोकरी आहे, पाळणाघराचा खर्च झेपत नाही. म्हणून काही महिन्यांसाठी आजीने नातवंडाला भारतात आणावे, असे घरात ठरते. जाताना आजी एकटी असते, येताना तिच्या मांडीवर मूल असते. "बाई, मला जमेल का?" असे ती निघण्यापूर्वी विचारायला येते.

हा प्रवास मी स्वतः केला आहे. गेल्या हिवाळ्यात, वयाच्या ५७व्या वर्षी, २० महिन्यांच्या नातीला घेऊन मी न्यूअर्कहून मुंबईला एकटी आले. मुलीच्या शिक्षणाचे शेवटचे सहा महिने उरले होते आणि जावयांना रात्रपाळी होती. विमानतळावर मुलीने बाळ माझ्या हाती दिले आणि मागे न पाहता ती चालू लागली. तिने मागे पाहिले असते, तर तिघींचीही पावले अडखळली असती.

त्या चौदा-पंधरा तासांत एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. मूल सांभाळण्याच्या कामी आजी कुठेच कमी पडत नाही. आजीला सांभाळायला मात्र तिथे कोणी नसते, आणि तीही स्वतःकडे पाहत नाही.

विमानातील हवेपासून सुरुवात करू. विमान कितीही उंचावरून उडत असले, तरी आतील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा राखलेला असतो. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. याचा अर्थ असा, की आपण कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ हवेत रात्रभर बसून असतो. निरोगी माणसाला हे जाणवत नाही. परंतु ज्यांना हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार आहे, ज्यांचे रक्त फार कमी आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना भेटावे. ही हवा अतिशय कोरडीही असते. ओठ, घसा आणि डोळे लवकर सुकतात.

माझ्या मागच्या रांगेत सोलापूरकडच्या एक आजी होत्या. त्यांच्या मांडीवर दीड वर्षाचा नातू. सहा तास उलटले तरी त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "पाणी प्यालं की उठावं लागतं. लेकरू कुणाजवळ देऊ?" रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळीही त्यांनी त्याच कारणाने त्या दिवशी घेतली नव्हती.

वाचकहो, हे उत्तर मी दवाखान्यातही अनेकदा ऐकले आहे. उठावे लागू नये म्हणून पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे ही आपल्याकडील बायकांची जुनी सवय आहे. उतारवयात तिची किंमत मोठी असते. उठताना चक्कर येते, मूत्रमार्गाला संसर्ग होतो, बद्धकोष्ठ होतो. चक्कर येऊन तोल गेला, तर हातातले अकरा किलोचे मूलही पडते. गोळी आपल्या मनाने बंद करणे तर कधीच नको. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे.

मांडीवर झोपलेल्या मुलाचा आणखी एक धोका असतो. आजी तासन्तास हलत नाही. अमेरिकेतील शल्यचिकित्सक जॉन होमन्स यांनी १९५४ साली लांब विमानप्रवासानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची नोंद केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर अशी गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते. मुळात ही शक्यता फार थोडी असते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु लठ्ठपणा, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी झालेली गुठळी असेल, तर सल्ला घेणे आवश्यक आहे. बसल्या जागी घोटे फिरवावेत, टाचा उचलाव्यात आणि दर दोन तासांनी एक फेरी मारावी. प्रवासानंतर एकाच पायाला सूज व दुखणे जाणवले, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता फेरी मारायची तर मूल कोणाजवळ द्यायचे? याचे उत्तर मला आमच्या एसटीत सापडले. तलवाड्याहून गेवराईला जाणाऱ्या भरलेल्या गाडीत उभ्या बाईच्या कडेवरचे लेकरू आपोआप बसलेल्या बाईच्या मांडीवर जाते. कोणी नाव-गाव विचारत नाही, कोणी उपकार मानत नाही. तीच आजी विमानात बसली की अवघडते. भाषा परकी, माणसे नीटनेटकी, कोणी काय म्हणेल याची धास्ती. मी आसनावर बसतानाच शेजारच्या हैदराबादच्या विद्यार्थ्याला मोडक्या हिंदीत विचारून ठेवले होते, की दर दोन तासांनी दहा मिनिटे हिला घेशील का. त्याने आनंदाने होकार दिला. सोलापूरच्या आजींचा नातू मग मी घेतला. त्या परतल्या आणि दोन पेले पाणी प्याल्या. उरलेला प्रवास आम्ही आळीपाळीने केला. विमानातील कर्मचाऱ्यांनाही आपण एकट्या आहोत हे सुरुवातीलाच सांगावे. विमानतळावरील चाकांच्या खुर्चीची सोय तिकीट काढतानाच मागून घेता येते. गुडघे दुखणाऱ्या आजीने ती मागण्यात कमीपणा मानू नये.

बाळासाठी थोडक्यात सांगते. विमान खाली उतरू लागले की कानावर दाब येतो, म्हणून त्या सुमारास बाळाला जागे करून घोट घोट पाणी किंवा दूध पाजावे. गिळताना कान मोकळे होतात. कान दुखत असेल किंवा वाहत असेल, तर निघण्यापूर्वी तपासून घ्यावे. दोन वर्षांखालील मूल मांडीवर नेता येते; ऐपत असेल तर स्वतंत्र आसन घेणे अधिक सुरक्षित, कारण विमानाला जोराचे धक्के बसले की हातांची पकड पुरी पडत नाही. आणि बाळ झोपावे म्हणून सर्दीचे औषध कदापि देऊ नये. त्याने काही मुले उलट अधिक चिडचिडी होतात, तर काहींच्या श्वासावर परिणाम होतो. क्लोरफेनिरामाईन आणि फिनायलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे.

मधुमेह असलेल्यांनी इन्सुलिन सदैव हातातील पिशवीत ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. अमेरिकेहून भारताकडे येताना दिवस आखूड होतो आणि औषधाच्या दोन वेळा जवळ येतात, त्यामुळे साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाकडे बहुधा तेथील पारपत्र असते. त्याला भारताचा व्हिसा किंवा परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड लागते. आईवडिलांच्या सहीचे, नोटरी केलेले संमतिपत्रही जवळ असावे.

कागदपत्रे आणि औषधे यांच्यापलीकडचीही एक घटका येते. मध्यरात्री नात जागी झाली आणि "मम्मा" म्हणून रडू लागली. त्यावर औषध नव्हते. मुलीची न धुतलेली ओढणी मी पिशवीत ठेवली होती. ती तिच्याभोवती गुंडाळली आणि उभ्याने तिला थोपटत राहिले. पाऊण तास ती रडली. या पाऊण तासात मी उभी राहू शकले, ती पोटात अन्न-पाणी होते आणि पाय मोकळे होते म्हणून.

तलवाड्यात आल्यावर आठवडाभर ती दिवसा झोपे आणि रात्री खेळे. सकाळच्या उन्हात तिला अंगणात बसवले आणि जेवणाच्या वेळा गावच्या ठेवल्या, तसे तिचे शरीर हळूहळू रुळले. जूनमध्ये मुलगी आली आणि परतताना तीही बाळासह एकटीच निघाली. मी तिला एवढेच सांगितले: बसल्या बसल्या शेजारच्या माणसाचे नाव विचार, आणि मग पाण्याची बाटली उघड.