नाव ठेवणे, नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांतले अंतर केवळ वचनाचे आहे. एकवचनात बारसे होते, अनेकवचनात निंदा. याच ‘नावा’ला निरनिराळी क्रियापदे जोडत गेले की माणसाचे सारे सामाजिक आयुष्य उलगडते: नाव लावणे, नाव सांगणे, नाव काढणे, नाव घालवणे, नाव टाकणे. वाक्प्रचार शिकवताना ही यादी फळ्यावर लिहिण्याचा आमचा जुना प्रघात आहे. तिच्यासाठी उत्तम उदाहरणे मात्र आम्हांला सापडली ती मराठी मुलखापासून फार दूर, अमेरिकेतील शहरांच्या नावांत आणि तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघांच्या टोपणनावांत.

ही वाट योगायोगाने सापडली. आम्हां दोघा अध्यापकांपैकी एकाचा भाचा ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन या गावी शिकायला गेला आणि सुटीत येताना गडद लाल रंगाचे दोन सदरे घेऊन आला. छातीवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द, ‘सूनर्स’. भाच्याने तो वाचून दाखवताच घरातील आजींनी विचारले, ‘‘यात सुनेचा काय संबंध रे?’’ सगळे हसले. आम्ही मात्र मनातल्या मनात त्यांना लोकव्युत्पत्तीच्या प्रकरणात दाखल करून घेतले. अनोळखी शब्द कानावर पडला की मन त्याला एखाद्या ओळखीच्या शब्दाच्या घरी नेऊन बसवते. आजींनी तेच केले होते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इंडियाना राज्यातील माणसाला ‘हूझर’ म्हणतात. तेथील विद्यापीठाचा संघही याच नावाने खेळतो. हा शब्द १८३० च्या दशकापासून रूढ आहे, पण त्याच्या उगमाविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. लोकांचे मात्र अडत नाही. दारावर थाप पडली की जुने वसाहतवाले ‘हूज हिअर?’ असे ओरडून विचारत, त्याचे ‘हूझर’ झाले, अशी एक कथा. दुसरी याहून रंगतदार: तेथे मारामाऱ्या इतक्या जोरात होत की दुसऱ्या दिवशी जमिनीवर पडलेला कान उचलून लोक विचारीत, ‘हूज इअर?’ अर्थात, ‘हा कान कोणाचा?’ शास्त्राने जागा मोकळी ठेवली की तेथे गोष्ट येऊन बसते, याचा याहून चांगला दाखला आम्हांला अद्याप भेटलेला नाही.

शहरांच्या नावांच्याही अशा मौजेच्या कथा आहेत, आणि त्यांतील पुष्कळ खऱ्या आहेत. ओरेगनमधील पोर्टलंडचे नाव १८४५ साली नाणेफेकीने ठरले. जागेच्या दोन मालकांपैकी एकाला आपल्या मुलखातील बॉस्टनचे नाव हवे होते, दुसऱ्याला आपल्या मुलखातील पोर्टलंडचे, दुसरा जिंकला. ते तांब्याचे नाणे आजही जपून ठेवलेले आहे. शिकागो हे नाव तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील रानलसणीच्या नावावरून आलेले. सिनसिनाटीची कथा तर आम्हां भाषेच्या माणसांना विशेष प्रिय वाटावी अशी. जॉन फिल्सन नावाच्या शिक्षकाने १७८८ साली त्या वसाहतीला ‘लोसँटिव्हिल’ असे नाव योजले. लिकिंग नदीचा ‘ल’, मुख या अर्थाचा लॅटिन ‘ओस’, समोर या अर्थाचा ग्रीक ‘अँटी’ आणि गाव या अर्थाचा फ्रेंच ‘व्हिल’. म्हणजे लिकिंग नदीच्या मुखासमोरील गाव. चार भाषांचा हा शिक्षकी समास दोनच वर्षे टिकला. १७९० साली गव्हर्नराने तो रद्द करून सिनसिनाटी हे नाव दिले. नांगर सोडून युद्धावर गेलेल्या आणि युद्ध संपताच नांगराकडे परतलेल्या सिनसिनाटस या रोमन पुरुषाच्या नावाने स्थापन झालेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळावरून ते घेतले होते.

अशा गोष्टी वर्गात सांगितल्या की विद्यार्थी खूष होतात, आणि त्या त्यांच्या लक्षातही राहतात. व्युत्पत्ती ही सांगण्याची वस्तू आहे. पण एका ओळीचे उत्तर मिळाले की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, हा तिचा धोका. ‘शिकागो म्हणजे रानलसूण’ एवढे कळले की तो शब्द ज्यांचा, ती माणसे कोठे गेली, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

म्हणून आता आम्ही त्या लाल सदऱ्याकडे वळतो. नॉर्मन हे गावाचे नाव थट्टेतून आलेले आहे. १८७० च्या दशकाच्या प्रारंभी अॅबनर नॉर्मन नावाचा तरुण भूमापक तेथे मोजणीच्या कामावर होता. हाताखालच्या माणसांनी या पोरसवदा वरिष्ठाची फिरकी घेण्यासाठी पाणवठ्याजवळच्या एका झाडावर ‘नॉर्मनचा तळ’ अशी अक्षरे कोरली. तळ उठला, पण अक्षरे राहिली आणि त्यांतले नाव पुढे वस्तीला चिकटले. येथे ‘नावे ठेवण्या’चे ‘नाव ठेवणे’ झाले.

राज्याचे नाव याच्या अगदी उलट वाटेने आले. ‘ओक्लाहोमा’ हा चोक्टॉ भाषेतील शब्द आहे: ‘ओक्ला’ म्हणजे लोक आणि ‘हुम्मा’ म्हणजे तांबडे. १८६६ साली अमेरिकन सरकारशी तहाच्या वाटाघाटी चालू असताना चोक्टॉंचे प्रतिनिधी अॅलन राइट यांनी तो सुचवला. हे राइट पुढे त्यांच्या भाषेचे कोशकार झाले. त्यांचा चोक्टॉ कोश १८८० साली प्रसिद्ध झाला. एका राज्याचे बारसे कोशकाराने करावे, ही घटना आम्हांला फार मोलाची वाटते. पण चोक्टॉ हे मूळचे त्या भूमीतले नव्हेत. त्यांचा मुलूख मिसिसिपीकडचा. १८३० च्या कायद्याने आणि तहाने त्यांना तेथून उठवले गेले, आणि १८३१ पासून त्यांचे लोंढे थंडीत, उपासमारीत, वाटेत माणसे गमावत पश्चिमेकडे हाकलले गेले. हा शब्द त्यांनी आपल्याबरोबर आणला.

आता ‘सूनर्स’. त्या प्रदेशाच्या मध्यभागी सुमारे २० लाख एकरांचा एक पट्टा होता. गृहयुद्धानंतर, १८६६ मध्ये, क्रीक आणि सेमिनोल या जमातींकडून तो सरकारने लिहून घेतला होता. १८८९ साली तो गोऱ्या वसाहतवाल्यांना खुला करण्याचे ठरले. २२ एप्रिल १८८९ रोजी दुपारी बारा वाजता इशारा झाला आणि सीमेवर थांबलेली सुमारे ५० हजार माणसे घोडे, गाड्या आणि रेल्वे, मिळेल त्या साधनाने आत धावली. ज्याने आधी खुंट्या ठोकल्या, त्याची जमीन; जणू सातबाऱ्यावर नाव लावण्याची शर्यतच. कायद्यात एक अट होती: नेमलेल्या वेळेपूर्वी जो आत शिरेल त्याला जमिनीवर हक्क सांगता येणार नाही. तरीही कित्येक जण आदल्या रात्रीच शिरून ओढ्याकाठी, झुडपांत दबा धरून बसले आणि बारा वाजताच आपल्या पसंतीच्या तुकड्यावर उभे राहिले. इंग्रजीत ‘सून’ म्हणजे लवकर; त्यावरून, वेळेआधी शिरलेले हे लोक ‘सूनर्स’. तेव्हा ही शिवी होती. न्यायालयांत या शब्दावरून वर्षानुवर्षे दावे चालले. नॉर्मनचे विद्यापीठ १८९० साली स्थापन झाले, १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले आणि १९०८ मध्ये विद्यापीठाच्या संघाने ‘सूनर्स’ हे नाव लावले. अवघ्या १९ वर्षांत शिवीचे बिरूद झाले.

शिवीचे बिरूद होणे यात वावगे काय, असे कोणी विचारील. तेही तपासून पाहावे. इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठ अभियांत्रिकीचे. १८९१ साली त्याच्या संघाने वाबॅश या अभिजात विद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयाचा ४४-० असा धुव्वा उडवला. हरलेल्यांच्या गावातील वृत्तपत्राने विजेत्यांना ‘बॉयलर बनवणारे’ म्हणून हिणवले. अर्थ उघड होता: हे विद्यार्थी कसले, हे तर कारखान्यातले कामगार. पर्ड्यूच्या मुलांनी ते नाव आनंदाने उचलले आणि आजतागायत ते ‘बॉयलरमेकर्स’ म्हणून खेळतात. येथे निंदा ज्यांची झाली त्यांनीच ती अंगावर दागिन्यासारखी घातली. आणि हातांनी काम करणाऱ्यांची जी लाज बाळगायला शिकवले जात होते, तिचाच अभिमान केला. यात कोणाचे काही गेले नाही.

‘सूनर्स’चे तसे नाही. तेथे शिवी मिळाली ती नियम मोडल्याबद्दल, आणि तीही शर्यतीतल्या इतर भिडूंकडून. बारा वाजता धावलेले आणि बाराच्या आधी घुसलेले यांच्या भांडणात, ज्यांची जमीन गेली त्यांना शब्दच उरला नाही. राज्याच्या नावात ते आहेत, संघाच्या नावात त्यांची जागा घेणारे आहेत, आणि ही दोन्ही नावे एकाच सदऱ्यावर शेजारी शेजारी छापली जातात.

हे सारे सांगून झाल्यावर वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या नावाने कोणी खेळत नाही का?’’ खेळतात. फ्लॉरिडा राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९४७ साली मतदान करून ‘सेमिनोल्स’ हे नाव लावले. वर ज्यांच्या पट्ट्याचा उल्लेख आला तेच हे सेमिनोल. त्यांना फ्लॉरिडातून उठवूनच त्या पश्चिमेकडच्या प्रदेशात पाठवले होते. थोडे लोक दलदलीच्या आश्रयाने मागे राहिले. म्हणजे एका संघाने जमीन घेणाऱ्यांचे नाव लावले, दुसऱ्याने जमीन गमावणाऱ्यांचे. ‘सेमिनोल’ हा शब्दही मुळात परका. स्पॅनिश लोक रानात पळालेल्या गुरांना आणि पुढे पळालेल्या गुलामांना ‘सिमारोन’ म्हणत; क्रीक भाषेत ‘र’ नाही, म्हणून त्याचे असे रूप झाले. पण हे नाव त्या लोकांनी आपले म्हणून स्वीकारले. २००५ साली महाविद्यालयीन क्रीडांच्या राष्ट्रीय संघटनेने मूलनिवासींविषयी अवमानकारक टोपणनावांवर आपल्या अजिंक्यपद स्पर्धांपुरते निर्बंध जाहीर केले, तेव्हा फ्लॉरिडातील सेमिनोल जमातीच्या मंडळाने विद्यापीठाला ठराव करून पाठिंबा दिला आणि ते नाव टिकले. ज्याचे नाव, त्याने ‘लावा’ म्हटले.

नॉर्थ डकोटात मात्र असे जमले नाही. ‘डकोटा’ हे तेथील लोकांचे स्वतःचे नाव. अर्थ मित्र, सोबती. ‘सू’ हे त्यांना इतरांनी दिलेले नाव: त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या ओजिब्वेंच्या शब्दाचे फ्रेंचांनी रूप केले आणि त्याचे शेपूट तेवढे शिल्लक राहिले. राज्याने त्यांचे घरचे नाव घेतले. विद्यापीठाच्या संघाने १९३० मध्ये बाहेरचे घेतले आणि पुढे त्याला ‘लढाऊ’ हे विशेषण जोडले. २००५ नंतर प्रकरण न्यायालयात गेले. राज्यातील दोन्ही जमातींची संमती मिळाली तर नाव राहावे, अशी तडजोड २००७ मध्ये झाली. स्पिरिट लेकच्या लोकांनी २००९ मध्ये बाजूने मत दिले. स्टँडिंग रॉककडून संमती आली नाही. एकच जमात, एकच नाव, आणि दोन निरनिराळी उत्तरे. आम्हांला हा भाग सर्वांत बोलका वाटतो, कारण ‘त्यांना काय वाटते’ या प्रश्नाचे उत्तर एकवचनी असते, या आपल्या समजुतीला तो धक्का देतो. २०१२ साली राज्यातील मतदारांनी ते नाव सोडण्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर २०१५ मध्ये ‘फायटिंग हॉक्स’ हे नाव निवडले जाईपर्यंत संघ बिननावाचाच खेळला. काही चाहत्यांना तो काळ फार जड गेला. नाव टाकणे सोपे नसते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

हा सगळा परक्या देशाचा मामला आहे, असे मात्र आम्हांला म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण ‘इंडियन’ हा शब्द आहे. संस्कृत ‘सिंधू’चे इराणी भाषेत ‘हिंदू’ झाले, ग्रीकांकडे ‘इंडोस’, लॅटिनमध्ये ‘इंडिया’. नदीचे नाव देशाला लागले, देशाचे माणसांना; आणि कोलंबसाच्या चुकीमुळे ते आपले नाव एका दुसऱ्याच खंडातल्या माणसांवर पडले. त्यावरून ‘इंडियाना’, आणि त्याला नगरवाचक ग्रीक ‘पोलिस’ जोडून १८२१ मध्ये तेथील राजधानीचे नाव ठरले ‘इंडियानापोलिस’. सिंधूचे पाणी इतक्या दूर पोहोचले. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा संघ ‘इंडियन्स’ म्हणवत असे. मूलनिवासी विद्यार्थ्यांनी विनंती केल्यावर १९७२ साली ते नाव सोडण्यात आले. आपल्याकडच्या कितीतरी पुस्तकांत मात्र ‘रेड इंडियन’ हा शब्द पुढेही सुखाने नांदला. गंमत अशी की ‘हुम्मा’ म्हणजेही तांबडेच. पण अॅलन राइट यांनी आपल्या भाषेत, आपल्या लोकांसाठी तो शब्द उच्चारणे निराळे, आणि आपण ‘रेड’ म्हणणे निराळे.

यंदापासून आमच्या वर्गात व्युत्पत्तीच्या स्वाध्यायाला तीन प्रश्न असतात. शब्द कोठून आला, हा पहिला, तो जुनाच. नाव कोणी ठेवले आणि कोणाला, हा दुसरा. ज्याला ठेवले त्याला विचारले होते काय, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोशात सापडते आणि दहा मिनिटांत लिहून होते. उरलेल्या दोहोंसाठी विद्यार्थी गावी जाऊन वडीलधाऱ्यांशी बोलतात, जुनी कागदपत्रे पाहतात, कधी आपसांत भांडतातही. वह्या उशिरा येतात. आम्ही त्याबद्दल गुण कापत नाही.