फाइल तर समोर आहे

२०२३च्या एप्रिलमधली दुपार. हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या तीन गाड्या उभ्या होत्या आणि मामाचा फोन आला, "तुह्या त्या डब्याले काय झालं बे? आकडाच घेऊन नाही राह्यला."

डबा म्हणजे रास्पबेरी पाय ४. काट्याच्या इंडिकेटरमधून केबलने वजन उचलायचं, वेळेसकट नोंदवायचं, पावती छापायची. प्रोग्राम मी लिहिलेला. त्या वर्षी भाव वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला होता, आणि वाट पाहून थकलेला माणूस पाव किलोवरूनही भांडतो. एक आजोबा तर वहीतला आकडा मानायलाच तयार नव्हते. गाडी रिकामी न करता ते उन्हात थांबले.

मी घरूनच लॅपटॉपवरून आत शिरलो. प्रोग्राम सुरू केला तर उत्तर आलं, अशी फाइल किंवा फोल्डर नाही. यादी मागितली तर फाइल समोर. नाव बरोबर, परवानगी बरोबर. पुन्हा कॉपी केली, पुन्हा तेच. पाऊण तास मी आहे त्या फाइलला शोधत होतो.

आदल्या रात्री अपडेट मीच मारलं होतं. या डब्याचा प्रोसेसर ६४-बिट, पण त्यावर आम्ही टाकलेली सिस्टीम ३२-बिट. अपडेटनंतर कर्नल तेवढा ६४-बिट झाला, वरचं सगळं ३२-बिटच राहिलं. असं चालतं, त्यात चूक काही नाही. चूक माझ्या स्क्रिप्टची. लॅपटॉपवर मी प्रोग्रामच्या दोन्ही जातीच्या फाइली बनवून ठेवायचो, आणि डबा सुरू होताना स्क्रिप्ट 'युनेम -एम' ही कमांड चालवून त्यातली एक निवडायची. आधी उत्तर यायचं 'आर्मव्ही७एल'. आता आलं 'एआर्च६४'. स्क्रिप्टने इमानदारीत ६४-बिटची फाइल उचलली.

कर्नल खोटं बोलला नव्हता. त्याला त्याचं नाव विचारलं, त्याने सांगितलं. पण ६४-बिट प्रोग्राम चालायला आधी ६४-बिटचा लोडर लागतो, आणि तो ३२-बिटच्या सिस्टीममध्ये नव्हताच. सापडत नव्हता तो लोडर. माझी फाइल जागेवरच होती. हे त्या एका ओळीच्या एररमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं. (ती ओळ ज्याने लिहिली त्याला एकदा काट्यावर उभं करायला हवं.)

विचारायला हवं होतं ते कंपायलरला. 'जीसीसी -डम्पमशीन' म्हटलं की तो कोणासाठी कोड बनवतो ते सांगतो. त्या डब्यावर त्याचं उत्तर होतं 'आर्म-लिनक्स-जीएनयूइएबीआयएचएफ', म्हणजे ३२-बिट. मशीन काय आहे आणि कोड कोणासाठी बनतोय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ऑटोकॉन्फवाल्यांनी तर तीन केले: बिल्ड, होस्ट, टार्गेट. बनतं कुठे, चालणार कुठे, आणि बनणारी चीज स्वतःच कंपायलर असेल तर ती पुढे कोणासाठी कोड काढणार. कॉलेजात हे एका मार्काचं वाटलं होतं. सीमेकसुद्धा लिनक्सवर, आपण काही सांगितलं नाही, तर प्रोसेसरचं नाव युनेमकडूनच घेतो. म्हणून काही प्रोजेक्ट एक गमतीशीर युक्ती करतात. मुद्दाम कंपाइल न होणारी छोटी फाइल लिहितात. कंपायलरने ६४-बिट आर्मचा मॅक्रो लावला असेल तर एक एरर, ३२-बिटचा असेल तर दुसरी. मग त्या एररमधूनच टार्गेट वाचून घ्यायचं.

तुम्ही हे ज्यावर वाचताय त्या फोनचंही असं असू शकतं. ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट अँड्रॉइड टाकलेले कितीतरी स्वस्त फोन विकले गेले. त्यावर अॅप टाकताना बघितलं जातं ते सिस्टीम कोणता कोड चालवते. नुसती चिप बघून भागत नाही.

त्या दिवशी एक ओळ बदलली आणि डबा चालू झाला. आजोबांनी पावती घेतली, वहीतल्या आकड्याशी जुळवली, दोन्ही सारखेच निघाले. मामाने वहीतल्या उरलेल्या नोंदी मला फोटो काढून पाठवल्या, त्या मी रात्री टाइप केल्या.

पुढच्या खेपेला गेलो तर डब्यावर पांढरी चिकटपट्टी होती, त्यावर मामाच्या अक्षरात: सीझनमध्ये हात लावू नये. शेजारी वही आणि दोऱ्याने बांधलेला पेन.